मध्यवयातील एमबीए आणि पदवीचा उलटा संकेत

दहा-बारा वर्षे नोकरी झाल्यावर एमबीए करावे की नाही, या प्रश्नाची चर्चा बहुधा शुल्कापाशीच घुटमळते. वास्तविक पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी नोकरी सोडणाऱ्याला त्या काळात बुडणारा पगारही तितकाच, किंबहुना अधिक, जड जातो. एक पर्याय स्वीकारल्यामुळे हातचा गेलेला दुसरा लाभ, म्हणजेच संधित्याग खर्च, तो हाच. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथात शिक्षणाला गुंतवणूक मानले, तेव्हा बुडीत पगार आणि पुढे उरलेली कमाईची वर्षे या दोहोंचा हिशेब त्यात आला. निवृत्ती ६० व्या वर्षी धरली, तर २५ व्या वर्षी शिकणाऱ्याला ३५ वर्षे मिळतात, ३८ व्या वर्षी शिकणाऱ्याला २२.

मात्र पदवीचे मोल केवळ तिच्यातून मिळणाऱ्या ज्ञानावर ठरत नाही. मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ च्या संकेतन सिद्धांतानुसार, उमेदवाराची कुवत मालकाला आधी दिसत नसल्यामुळे तो पदवीला खूण मानतो, आणि कुवत असलेल्याला ती मिळवणे तुलनेने स्वस्त पडते म्हणूनच ती खूण विश्वासार्ह ठरते. २०१७ चा कायदा होईपर्यंत भारतीय व्यवस्थापन संस्था पदवी न देता पदविकाच देत असत, तरीही त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी कंपन्या रांगा लावत; त्या मोजत होत्या ती कडक प्रवेशपरीक्षेची चाळणी.

मध्यवयात हे गणित उलटे पडते. जो कामात सरस असतो त्याचा पगार मोठा असतो, म्हणून नोकरी सोडणे त्यालाच सर्वांत महाग पडते, आणि ज्याची बढती अडली आहे त्याला ते स्वस्त पडते. परिणामी जी पदवी पंचविशीत कुवतीची खूण होती, तीच चाळिशीच्या उंबरठ्यावर साचलेपणाची खूण वाटू शकते. मुलाखत घेणाऱ्याची ही शंका पुष्कळदा अन्यायकारक असते, पण ती निव्वळ पूर्वग्रह नव्हे. शिवाय बारा वर्षांचे काम समोर असताना वेगळा संकेत हवाच कशाला?

तो हवा असतो, जेव्हा ते काम वाचणाऱ्याला वाचता येत नाही. कारखान्यातील उत्पादन अभियंत्याला वित्तसंस्थेत जायचे असेल, तर त्याचा अनुभव तिथे जवळजवळ मुका ठरतो, आणि अशा क्षेत्रांतरासाठीच नोकरी सोडण्याचा खर्च समर्थनीय वाटतो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासक्रमासारखे एका वर्षाचे पर्याय हा खर्च कमी करतात. त्याच क्षेत्रात वर चढायचे असेल, तर शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये रूढ केलेली, नोकरी न सोडता शिकण्याची पद्धत अधिक शहाणपणाची; त्यात मालकाने शुल्काचा वाटा उचलला, तर तोच कुठल्याही प्रमाणपत्राहून बोलका संकेत होतो. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतील संध्याकाळच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत पगार बुडत नाही, मात्र तिथला संधित्याग खर्च घरच्या माणसांच्या वाट्याला येतो आणि तो कोणत्याही परताव्याच्या तक्त्यात धरला जात नाही.