पिंजऱ्यातील अमानत



समजा, नाशिकच्या एखाद्या घरात मुलांच्या हट्टाखातर गिनीपिग आणला आहे. नावात ‘पिग’ असले तरी तो डुकराच्या कुळातला नव्हे. उंदीर-खारींच्या गणातला जीव. त्याच्या मूत्राशयात खडे होतात, लघवीतून रक्त जाते. शस्त्रक्रियेनंतरही खडे पुन्हा होऊ शकतात. मग प्रश्न उठतो : शेजारी माणूस उपाशी असताना या प्राण्यावर वारंवार खर्च करणे हा अपव्यय ठरत नाही काय?

मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. तिने मांजरीला अन्न दिले नाही, आणि ते शोधण्यास मोकळेही सोडले नाही. आपण पिंजऱ्याचे दार लावले, तेव्हाच त्या जिवाची जबाबदारी आपल्यावर आली. भुकेल्याचा हक्क आपल्या चैनीतून काढावा, त्याच्या औषधातून नव्हे.

मात्र अल्लाह कुणावरही शक्तीपलीकडचा भार टाकत नाही. शस्त्रक्रिया परवडत नसेल, तरी मुबलक पाणी, सुके गवत आणि पशुवैद्याने दिलेले वेदनाशामक एवढे तर आपल्या हाती आहे. दुसरा प्राणी आणण्यापूर्वी मात्र स्वतःला विचारा : हा आजारी पडला, तर आपण त्याला सांभाळू काय?

अल्लाह आपणांस ही अमानत निभावण्याची सद्बुद्धी देवो.