घर जपले, घरपण कोणी जपायचे?



इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे एक लहान बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, डोंगरउतारावर, क्रेगनीश हे शेतकऱ्यांचे खेडे आहे. हॅरी केली नावाच्या तिथल्या एका शेतकऱ्याचे घर त्याच्या मृत्यूनंतर जपून ठेवले गेले आणि १९३८ साली संग्रहालय म्हणून खुले झाले. पुढे आजूबाजूची घरे आणि शेतेही त्यात आली. पांढऱ्या भिंतींची, गवताने शाकारलेली ती घरे पाहण्यासारखी आहेत. समुद्रावरचा वारा छप्पर उडवून नेऊ नये म्हणून भिंतीत पुढे आलेले दगड बसवून त्यांना दोर बांधले आहेत. बाहेर तपकिरी लोकरीच्या, चार-चार शिंगांच्या मेंढ्या चरतात. गावातल्या काही घरांत आजही माणसे राहतात.

अशा ठिकाणी गेल्यावर आपल्या तोंडून सहज निघते, “किती साधे, किती सुंदर जीवन होते!” हे वाक्य जरा तपासून पाहावे असे आम्हाला वाटते. तुटपुंज्या जमिनीवर कुटुंबाचे पोट भरत नसे. म्हणून तोच माणूस शेती करी आणि मासेमारीलाही जाई. एका चुलीभोवती सगळे घर, आणि घरभर धूर. ते जीवन जगणाऱ्यांची मुले संधी मिळताच त्यातून बाहेर पडली. त्यांचे काय चुकले? संध्याकाळी आपल्याला आपल्या पक्क्या घरी परतायचे असते, तेव्हा दुसऱ्याच्या गरिबीला सुंदर म्हणणे फार सोपे जाते.

मग जुने ते सगळे टाकून द्यायचे काय? आणि जपायचे तर नेमके काय?

अॅरिस्टॉटल या तत्त्वज्ञाने म्हटले आहे की, शरीरापासून तुटलेला हात हा नावापुरताच हात असतो. त्याचा आकार तोच राहतो, पण हाताचे काम तो करू शकत नाही. भिंतीवर टांगलेल्या नांगराचेही तसेच. संग्रहालय वस्तू टिकवते आणि ते काम मोलाचे आहे. परंतु ज्या जगण्यात त्या वस्तूला अर्थ होता ते जगणे काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

या बेटाची मँक्स ही स्वतःची भाषा आहे. हॅरी केली ती बोलत असे. पण या भाषेने पोट भरत नाही, ही गरिबांची भाषा, असे मानून आई-वडिलांनी ती मुलांना शिकवणे हळूहळू सोडले. नेड मॅड्रेल हा कोळी क्रेगनीशमध्ये म्हाताऱ्या नातेवाईक बाईंजवळ वाढला, म्हणून ती त्याला अवगत झाली. १९७४ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी तो वारला. ही भाषा जन्मापासून बोलणारा तो शेवटचा माणूस मानला जातो.

इथे आम्हाला एक भेद महत्त्वाचा वाटतो. धूर आणि उपासमार त्या लोकांनी सोडली, कारण त्यांचा त्रास होत होता. भाषा सोडली ती मात्र लाज वाटली म्हणून. त्रासाची गोष्ट सोडणे हे शहाणपण. लाजेपोटी सोडलेल्या गोष्टीबरोबर माणूस आपल्याच आई-वडिलांना थोडे कमी लेखतो. अर्थात त्या पालकांना दोष देण्याची घाई नको. लेकरांच्या भाकरीचीच त्यांना काळजी होती. भाकरी मिळवायला इंग्रजी हवी होती. ती मिळवण्यासाठी मँक्स विसरण्याची गरज मात्र नव्हती.

ती भाषा पुन्हा उभी राहिली कशी? काही तरुण म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसले, ऐकत राहिले, बोलत राहिले. १९४८ साली आयर्लंडमधून आलेल्या मंडळींनी त्या वृद्धांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. २००१ साली मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. २००९ साली युनेस्कोने ही भाषा नामशेष झाल्याचे नोंदवले, तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी मँक्समध्येच पत्र लिहून विचारले, मग हे पत्र आम्ही कोणत्या भाषेत लिहितो आहोत? युनेस्कोला आपली नोंद बदलावी लागली. २०११ च्या जनगणनेत १,८२३ लोकांनी ही भाषा येत असल्याचे सांगितले.

आपल्या वसईतही रहाट गेले, लाल लुगडी पेटीत गेली. विहिरीचे पाणी पंपाने चढते, याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु आपली सामवेदी असो वा वाडवळी, ती बोली नातवंडांशी बोलायला आपण का कचरतो? पाहुण्यांसमोर आजी आपल्या बोलीत बोलू लागली की आपण विषय का बदलतो? ती बोली सोडली, ती त्रासाची होती म्हणून, की लाज वाटली म्हणून? प्रत्येक घराने आपले उत्तर स्वतः शोधावे.

या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद ठेवून घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसू या. लेकरांनाही बसवू या. त्यांच्या लहानपणी शेतावर काय पिकत होते, ते त्यांच्याच बोलीत विचारू या. एखादा शब्द कळला नाही, तर न लाजता पुन्हा विचारू या.