वेशाची लाज

तंजावूरच्या राजवाड्यात सरफोजी राजे दुसरे यांचा पांढऱ्या संगमरवरातील पूर्णाकृती पुतळा आहे. अंगावर राजवेश आहे, आणि हात जोडलेले आहेत. या दोन गोष्टी एकत्र पाहताना मनात एक प्रश्न येतो, आणि तो शिल्पकलेचा नसून नीतीचा आहे. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने तंजावूरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजाकडे किल्ला, भोवतालचा थोडा परिसर, वार्षिक नेमणूक आणि महसुलातील एक हिस्सा एवढेच उरले. राज्य गेले, राजवेश राहिला. त्यानंतर १८३२ पर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ, या पुरुषाने जो पोशाख अंगावर वागवला, त्याला वेश म्हणावे की सोंग?

मराठी भाषेने या दोन शब्दांत फार बारीक भेद राखला आहे. वेश आपल्या स्थानातून आपल्याकडे येतो. सोंग आपण घेतो. म्हणूनच 'सोंग' या शब्दाला फसवणुकीची छटा चिकटली. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, या म्हणीत व्यवहाराचा कडवटपणा आहे. आचरणावाचून भगवी वस्त्रे मिरवणाऱ्यांवर आपल्या संतांनी सतत कोरडे ओढले. पण त्याच परंपरेत 'सोंगी भारूड' नावाचा प्रकारही मानाने नांदतो. पैठणचे एकनाथ जोशी झाले, गोंधळी झाले, महार झाले, आणि त्या त्या मुखातून प्रथमपुरुषी बोलले. दांभिकाचे सोंग आणि नाथांचे सोंग यांत बाह्यतः फरक नाही; दोन्ही उसनीच. फरक आहे तो सोंग घेतल्यानंतर काय केले, यात. नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी वेशभूषा 'आहार्य' प्रकारात मोडते. आहार्य म्हणजे बाहेरून आणलेले. 'सात्त्विक' अभिनय आतून यावा लागतो. बाहेरून आणलेले आतल्याशी कोणत्या नात्याने बांधले जाते, हा प्रश्न रंगभूमीपुरता मर्यादित नाही.

तो सर्वांत उघडपणे उभा राहतो तो सणात; कारण सणाच्या दिवशी सामान्य माणसालाही वेश निवडण्याची मुभा मिळते. गोव्यातील 'इंत्रूज' मराठी वाचकाला परका नाही. लेंटच्या उपवासकाळापूर्वीचे हे मोकळे दिवस पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले, तसेच ते अटलांटिकपलीकडे ब्राझीललाही गेले आणि तेथे त्यांचा महोत्सव झाला. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत कार्निव्हलच्या पोशाखाला 'फांताझिया' म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ कल्पनाशक्ती. मराठीने सोंगाकडे संशयाने पाहिले. त्या भाषेने पोशाख आणि कल्पना यांना एकच नाव दिले.

या नावामागे मोठे दुःख आहे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये. तोवर आफ्रिकेतून बंदी करून आणलेली माणसे आपल्या उत्सवांत 'काँगोचा राजा' निवडून त्याला मुकुट घालीत. रेसिफे शहराच्या 'माराकातू' मिरवणुकीत राजा, राणी आणि दरबारी मंडळी झगमगत्या राजवस्त्रांत आजही कार्निव्हलमध्ये चालतात. ज्यांच्यापाशी स्वतःच्या देहाची मालकीही नव्हती, त्यांनी दिवसापुरता राजवेश धारण केला. तंजावूरच्या राजाची स्थिती नेमकी उलटी: त्याच्यापाशी राजवेश होता, राज्य नव्हते. तरीही दोन्ही ठिकाणी राजवस्त्र एकच काम करते. सत्तेने जे नाकारले, त्याची आठवण ते जागी ठेवते. गुलामाच्या माथ्यावरील मुकुटाला खोटा म्हणायला आपली जीभ धजत नाही. मग खोटेपणाची कसोटी 'ज्याच्यापाशी जे आहे तेच त्याने नेसावे' इतकी सरळ राहत नाही.

साल्वादोर बंदरातील गोदी कामगारांचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे आहे. १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. १९४९ च्या कार्निव्हलमध्ये या कामगारांनी 'फिल्योस द गांधी', म्हणजे 'गांधींचे पुत्र', या नावाचा मेळा काढला. महाग पोशाख त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी पांढऱ्या चादरी अंगावर घेतल्या आणि पांढऱ्या टॉवेलांचे फेटे बांधले. ज्या कांदोंब्ले उपासनेकडे तेव्हा पोलीस संशयाने पाहत, तिच्या तालावर हे पांढरे पथक शांततेचे नाव घेत चालले. आज त्या मेळ्यात हजारो पुरुष पांढऱ्या वेशात, निळ्या-पांढऱ्या माळा घालून चालतात.

चिकित्सक वाचक येथे हरकत घेईल. उत्तरायुष्यातील गांधीजींनी फेटा बांधला नाही. मद्य आणि मौज यांच्या उत्सवात त्यांचे नाव कशाला. शिवाय हा मेळा पुरुषांपुरताच राहिला, मग 'पुत्र' म्हणजे अर्धेच अपत्य झाले! हरकती खऱ्या आहेत. तेथील स्त्रियांनी पुढे आपला वेगळा मेळा काढला, यातच शेवटच्या हरकतीचे वजन दिसते. पण पहिल्या हरकतीचे उत्तर तंजावूरपासून फार दूर नसलेल्या मदुराईत सापडते. २२ सप्टेंबर १९२१ रोजी तेथे गांधीजींनी सदरा आणि टोपी उतरवून गुडघ्यापर्यंतचे धोतर नेसले. खादी घ्यायला ज्यांच्याजवळ पैसे नाहीत, त्यांना कमी वस्त्रांत भागवा असे सांगायचे, तर सांगणाऱ्याने आधी तसे वागले पाहिजे, असा तो विचार होता. आरंभी हा संकल्प ठरावीक मुदतीचा होता. पुढे तो आयुष्यभराचा झाला. म्हणजे गांधीजींचा वेशही जन्मातून आला नव्हता. काठेवाडातील एका दिवाणाच्या बॅरिस्टर मुलाने तो शेतमजुराकडून घेतला होता. तो उसना वेश खरा ठरला, कारण त्याची किंमत त्यांनी पुढे रोज मोजली.

किंमत मोजण्याची ही कल्पना आपल्या लोककथेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एक बहुरूपी साधूच्या वेशात गावाबाहेर बसतो. राजा येतो, मोहरांचे ताट पुढे करतो. साधू मान वर करून पाहतही नाही. दुसऱ्या दिवशी तोच बहुरूपी दरबारात येऊन चार नाण्यांची बिदागी मागतो. राजा विचारतो, काल एवढे धन का नाकारलेस? तो सांगतो, महाराज, काल अंगावर साधूचा वेश होता. मोहरा घेतल्या असत्या, तर त्या वेशाला लाज आली असती. बहुरूपी साधू नव्हता आणि झालाही नाही. पण वेश अंगावर असेपर्यंत त्या वेशाचा धर्म त्याने पाळला. वेशाला लाज असते, आणि ती राखण्याची जबाबदारी नेसणाऱ्यावर असते, एवढेच ही कथा सांगते. वेश कोणी निवडावा याहून, निवडल्यावर काय नाकारावे हा प्रश्न तिला मोठा वाटतो.

रिओच्या कार्निव्हलने या प्रश्नाला एकदा फार भेदक रूप दिले. १९८९ मध्ये 'बेजा-फ्लोर' या सांबा पथकाच्या वतीने जोआओझिन्यो त्रिंता या रचनाकाराने झगमगीत पिसाऱ्यांच्या जागी चिंध्या आणल्या आणि भिकाऱ्यांचा तांडा रंगमार्गावर उतरवला. चिंध्यांतील ख्रिस्ताच्या मूर्तीला न्यायालयाने मनाई केली; ती काळ्या प्लास्टिकने झाकून मिरवणुकीत नेली गेली. दारिद्र्याचे हे सोंग पाहताना मन अस्वस्थ होते. चिंध्या उतरवून घरी जाता येणे, हाच खऱ्या भिकाऱ्याशी असलेला भेद. तेव्हा त्या रात्री वेशाची लाज राखली गेली की नाही, याचा निवाडा मी करू धजत नाही. झाकलेल्या मूर्तीने मात्र इतके दाखवले की चिंध्यांचे सोंगसुद्धा कुणाला तरी सहन झाले नाही.

आता पुन्हा तंजावूरकडे वळू. राज्य गेल्यावर सरफोजींना केवळ आरशापुढे राजे राहणे शक्य होते. त्यांनी सरस्वती महालात ग्रंथ जमवले, धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा करवली, आणि 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक लिहिले. त्यात पृथ्वीचा भूगोल सांगते ती भविष्य सांगत हिंडणारी कुरव जमातीची स्त्री. राजाने आपली नवी विद्या पंडिताच्या किंवा राजाच्या तोंडी न घालता भटक्या बाईच्या वेशाला दिली. हे सारे झाले ते रयतेच्या महसुलातून मिळणाऱ्या हिश्शावर, आणि पराधीनतेने दिलेल्या सवडीत, हेही विसरता कामा नये. तरी राजवेशाचा जो भाग तलवारीवाचून पाळता येण्याजोगा होता, तो त्यांनी पाळला.

याच गावातील श्वार्ट्झ चर्चमध्ये फ्लॅक्समनने घडवलेले एक शिल्प आहे. मृत्युशय्येवरील वृद्ध मिशनऱ्याचा हात सरफोजींनी हाती घेतला आहे. ज्याने लहानपणी शिकवले आणि गादीच्या हक्कासाठी खटपट केली, त्या परधर्मीय गुरूच्या उशाशी राजा उभा आहे. तेथे त्या हातांपाशी नजर थांबते, आणि अंगावरचा वेश खरा की खोटा, हे विचारायचे राहून जाते.