बापाचा रंधा

चामोर्शी तालुक्यात मार्कंड्यापाशी वैनगंगा उत्तरेकडे वळते. तेथील दर्शन आटोपून आम्ही चामोर्शीस एका माळकरी सुताराच्या घरी उतरलो होतो. भजन झाले, मंडळी उठली, आणि म्हातारबुवांनी मनातले दुःख काढले. दुःख म्हटले तर एका रंध्याचे.

मुलगा वेगळा राहतो, त्याचे दुकान निराळे. पण बापाची हत्यारे तो हक्काने नेतो. त्या दिवशी रंधा नेला आणि जुन्या सागवानी चौकटीवर चालविला. लाकडात खिळा दडलेला, धारेला खांडा पडला. मुलाने रंधा मुकाट्याने आणून पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी बाप फळी साफ करू लागला, तो तिच्यावर लांबच लांब रेघ उठली. "पातं गेलं त्याचं काही नाई जी," म्हातारा म्हणाला, "पोट्ट्यानं सांगतलं नाई!" त्याने पेटीला कुलूप घातले. त्यावर मुलगा बोलून गेला, "आज ना उद्या माझंच हाये."

हा शब्द मोठा वाईट. बाप डोळ्यांदेखत बसला असता त्याची मागे राहणारी चीजवस्तू मोजण्यासारखा! आणि खांड्याची नुकसानी तरी थोडी का? खांडा निघून जाईपर्यंत सारी धार दगडावर मागे घासावी लागते. तेवढे पोलाद कायमचे जाते. उसने हत्यार धार लावून परत द्यावे, ही कारागिराची साधी रीत.

आता मुलाचीही बाजू ऐका. नव्या हत्यारांना पैसा लागतो, गिऱ्हाईक थांबत नाही. बापाच्याने करवत ओढवत नाही आणि पेटीत लोखंड गंज खाते. तो आम्हांस म्हणाला, "महाराज, लोभ सोडा म्हणून बाबाले तुम्हीच सांगा." आम्ही सांगणारच होतो. कीर्तनकाराच्या जिभेवर वैराग्य नेहमी तयार असते! पण तुकोबारायांची गोष्ट आठवली आणि आम्ही थांबलो.

तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडविली, हे आपण सारे सांगतो. सांगताना एक बारकावा घाईत निसटतो. खते त्यांनी आधी वाटली. निम्मी धाकट्या भावास, कान्होबास, दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडविली. भावाच्या कागदाला हात लावला नाही. मग बापाच्या वाट्याचे वैराग्य मुलाने कसे करावे? आणि आम्ही तरी कोण?

म्हाताऱ्यास एवढेच विचारले, "बाबा, पेटी का सोडवत नाही?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाकस हातात नसला, तं मी सुतार कायचा जी?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. गोरोबाकाकांचे चाक आणि सावतोबांचा मळा आपण नित्य गातो. धंद्यातच त्यांना देव भेटला, म्हणतो. त्याच तोंडाने ह्या म्हाताऱ्याला धंदा खाली ठेव कसे म्हणावे?

सकाळी निघताना पाहिले, तो मुलगा अंगणात आलेला. रंध्याचे पाते दगडावर घासत होता. बाप शेजारी उकिडवा बसून म्हणत होता, "असं नाई, सपाट धर." पेटी उघडी होती. जरा वेळाने मुलाने मान वर न करताच विचारले, "बाबा, वाकस नेऊ का जी?"

"कायले पायजे? लाकूड कोन्तं हाये?"