हरला मरे, जाब मॉरेस्मोला

नोव्हेंबर २०१४. लंडनच्या एटीपी फायनल्स या टेनिस स्पर्धेत रॉजर फेडररने अँडी मरेला ६-०, ६-१ असं लोळवलं. पराभव मरेचा होता, पण बोटं वळली त्याच्या प्रशिक्षकाकडे. कारण पाच महिन्यांपूर्वी त्याने त्या जागी एका बाईला आणलं होतं, फ्रान्सच्या अमेली मॉरेस्मोला.

ही बाई कोण होती? २००४ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोचलेली, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन, दोन्हीकडे अंतिम फेरीत जस्टिन हेनिनला हरवणारी. मात्र घरच्या प्रेक्षकांसमोर, पॅरिसच्या लाल मातीवर, ती उपांत्यपूर्व फेरीपलीकडे कधीच गेली नाही. अपेक्षांच्या ओझ्याखाली हात कसे जड होतात, हे तिला पुरतं ठाऊक होतं. १९९९ मध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बिगरमानांकित असताना अंतिम फेरी गाठली, तेव्हाच तिने आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं. त्या वेळी तिच्या अंगकाठीवरून टोमणे मारणाऱ्यांत सहखेळाडूही होत्या. इतकं सोसून ताठ उभी राहिलेली व्यक्ती खेळाडूच्या मनाशी बोलू शकेल, असं मरेला वाटलं असेल तर त्यात नवल काय?

२०१५ मध्ये मरेने मातीच्या कोर्टवरची आपली पहिली स्पर्धा म्युनिकला जिंकली आणि लगेच माद्रिदच्या अंतिम सामन्यात नदालला हरवलं. तेव्हा श्रेय मरेचं होतं. आधीच्या प्रशिक्षकांच्या काळात आपण हरलो तर दोष त्यांना कुणी दिला नाही, हे मरेनेच पुढे बोलून दाखवलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पुरुष प्रशिक्षक चुकला तर तो एकटा चुकतो. बाई चुकली की ‘बायकांना हे जमतं का’ असा प्रश्न उभा राहतो. एका माणसाच्या डोक्यावर सगळ्या स्त्रीजातीचा हिशोब ठेवणं हा उघड अन्याय आहे.

याच मॉरेस्मोने मला एकदा दुखावलंही. पॅरिसच्या त्याच रोलाँ गॅरो स्पर्धेची पहिली महिला संचालक झाल्यावर २०२२ मध्ये रात्रीच्या दहा सत्रांपैकी महिलांना एकच मिळालं, आणि पुरुषांचे सामने सध्या अधिक आकर्षक आहेत असं ती म्हणाली. टेनिसपटू इगा श्वीऑनटेकने जाहीर नाराजी व्यक्त केली, मॉरेस्मोने माफी मागितली. तरी २०२४ आणि २०२५ मध्ये रात्री महिलांचा एकही सामना झाला नाही. तिकिटं आणि प्रक्षेपणाचे करार यांचा दबाव मी समजू शकतो, पण तो मान्य करून गप्प बसणं मला पटत नाही.

‘बाई असून असं?’ हे शब्द तेव्हा माझ्याही ओठांवर आले होते. ते मी मागे घेतो. रात्रीची सत्रं २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा संचालक गी फोर्गे होते. जाब त्यांना ज्या शब्दांत विचारायचा, त्याच शब्दांत तो मॉरेस्मोला विचारायला हवा, आणि उत्तर मिळेपर्यंत दरवर्षी विचारायला हवा.