काजव्यांचं झाड

मृगाच्या आधीचे दिवस. रतनगड समोर दिसेल असा माळ बघून तंबू ठोकला. अंधार पडला आणि हिरड्याचं झाड काजव्यांनी लखलखू लागलं. ट्रायपॉड लावून ३०-३० सेकंदांचे फोटो घेत होतो. मध्येच बटण सापडेना म्हणून बॅटरी पेटवली. सोबतचे म्हातारबाबा म्हणाले, "इझव ती. त्यांची लग्नं लागत्यात, तू कशाला मांडवात घुसतो?"

खरंच होतं. काजवा चमकतो तो जोडीदाराला साद घालायला. आपल्या उजेडात ती साद बुडते.

घरी सगळे फोटो एकावर एक चढवले. डोळ्यांना एका वेळी कधीच दिसले नव्हते इतके काजवे त्यात आले. बघणारा विचारतो, "झाड कुठलं?" सांगावं, तर पुढल्या वर्षी तिथे पन्नास तंबू, शंभर बॅटऱ्या. लपवावं, तर बाबांनी माझ्यापासून कुठे लपवलं होतं? शिवाय त्या तंबूंवरच वाडीतल्या चार चुली पेटतात.

मी झाड सांगत नाही, वाडी सांगतो. बाबांना विचारा म्हणतो, त्यांना वाटलं तर नेतील. झाड माझं नव्हतंच. माझे ते फोटो. त्यातला बॅटरीनं पांढरा पडलेला एक मी अजून पुसलेला नाही.