तुझं ऐकून घेतलं, आता माझं ऐक

‘आमचा मुलगा ऐकत नाही.’ पालकसभेत हे वाक्य हमखास कानावर येतं, आणि त्याचा मुलाच्या कानांशी काही संबंध नसतो. सांगितलेलं करत नाही, एवढीच तक्रार असते. मराठीतल्या ‘ऐकणं’ या क्रियापदात मानणं, वळणं आधीपासूनच मुरलेलं आहे. हेच क्रियापद पालकांना लावायची वेळ आली की मात्र हा अर्थ गळून पडतो. ‘आम्ही मुलांचं सगळं ऐकतो’ असं आईबाप म्हणतात तेव्हा कान दिला, यापलीकडे फारसं काही अभिप्रेत नसतं.

सुजाण पालकत्वाच्या शिबिरांतून आणि मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून सध्या एक पाठ घोटून घेतला जातो. मुलाच्या नजरेच्या पातळीवर बसा. फोन बाजूला ठेवा. मध्ये तोडू नका. त्याचं म्हणणं त्यालाच परत म्हणून दाखवा. यात वाईट काही नाही. पण एवढ्यालाच ऐकणं म्हणायचं, हे मान्य करता येत नाही.

दहावीचा निकाल लागलेल्या कुठल्याही घरात हे दिसतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा आहे, अकरावीचा अर्ज भरायचा आहे. मुलगी म्हणते, ‘बाबा, मला आर्ट्सला जायचंय.’ बाबा शिबिराला जाऊन आलेले आहेत. ते फोन पालथा ठेवतात, तिच्याकडे वळतात. ‘म्हणजे तुला सायन्स झेपणार नाही असं वाटतंय.’ ‘झेपेल. मला इतिहास शिकायचाय.’ ‘हं. तुला टेन्शन आलंय, कळतंय मला.’ आवाज कुणाचाच चढत नाही. मुलगी दोनदा तेच सांगते, मग ताटातल्या भाताशी चाळा करत बसते. रात्री अर्ज भरला जातो, विज्ञान शाखेचा. दहापर्यंत महाविद्यालयं क्रमाने टाकायची असतात आणि त्या यादीला ‘पसंतीक्रम’ म्हणतात.

या बाबांनी मुलीचं ऐकून घेतलं. ऐकलं नाही. ‘तुझं ऐकून घेतलं ना? आता माझं ऐक,’ हे घराघरांतलं वाक्य पाहावं. एकाच वाक्यात दोन क्रियापदं आणि दोन दर्जे. मुलाच्या वाट्याला ऐकून घेतलं जाणं येतं, पालकाच्या वाट्याला ऐकलं जाणं. ऐकून घेणारा बसल्या जागेवरून हलत नाही. ऐकणाऱ्याचा निर्णय निदान हलू शकतो. कितीही तंत्र शिकवलं तरी हा फरक मिटत नाही.

तंत्राचे कैवारी म्हणतील, मुलाला मोकळं वाटलं, हे थोडं आहे का? थोडं नाहीच. पण मोकळं वाटून झाल्यावर काय? ज्या परंपरेचा हे लोक वारसा सांगतात, तिच्याकडे तरी नीट पाहावं. ‘सक्रिय श्रवण’ ही संज्ञा कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये रूढ केली. थॉमस गॉर्डन यांनी ती पालकांपर्यंत नेली. त्यांचं पुस्तक १९७० मध्ये आलं. गॉर्डन फक्त वाक्यं परत म्हणायला सांगून थांबले नव्हते. पालक आणि मूल यांच्यात खटका उडाला तर दोघांनी मिळून दोघांना पटेल असा तोडगा काढावा, कुणीही हरू नये, हा त्यांच्या पद्धतीचा कणा होता. शिबिरांनी वाक्यं उचलली आणि कणा टाकून दिला. मग उरलं ते मुलाला शांत करण्याचं साधन. मुलांना हे लवकर कळतं. आपले शब्द परत येतात पण घडत काहीच नाही, हे दोनचारदा अनुभवलेलं मूल बोलणं कमी करतं, आणि पालक म्हणतात, वयच तसं आहे.

‘धाक हवाच’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही; गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांच्या कामाने त्याचं उत्तर कधीच दिलं आहे. ‘मुलांचे मित्र व्हा’ हा सल्ला तर मैत्रीलाही न्याय देत नाही आणि पालकपणालाही.

ऐकून घेणं आणि ऐकणं यांतला फरक कायद्याला घरापेक्षा आधी कळला. मुलाचा ताबा कुणाकडे द्यायचा हे ठरवताना, मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं, ही तरतूद १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं बारावं कलम दोन गोष्टी सांगतं: मुलाला मत मांडू द्या, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्या. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्या घरांनी त्यातला पहिला भाग घेतला.

वजन देणं म्हणजे प्रत्येक हट्ट पुरवणं नव्हे. चार वर्षांचं मूल लस नको म्हणून रडलं, तरी लस टोचलीच पाहिजे. पण ‘दुखतं’ असं ते सांगत असेल तर ‘काही दुखत नाही’ म्हणणं थांबवता येतं. कुणाच्या मांडीवर बसायचं, कुठल्या हातावर सुई घ्यायची हे त्याला ठरवू देता येतं. निर्णय तोच राहिला, तरी मुलाच्या बोलण्याने त्यातलं काहीतरी हललं.

हे लहानसहान हलणं फार मोलाचं आहे, कारण अवघड गोष्ट सांगायचा भरवसा त्यातूनच येतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी आपल्यावर कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि बहुतेकांनी ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. भीती, लाज, ओळखीचाच माणूस, अशी त्याची कारणं अनेक. पण ज्या मुलाच्या बोलण्याने घरात कधी साधा बेतही बदललेला नाही, त्याने सगळ्यात अवघड गोष्ट कुठल्या भरवशावर सांगावी? २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा ज्याला कळला, त्याने तो कळवणं बंधनकारक आहे. तिथे नुसतं ऐकून घेऊन कुणालाही थांबता येत नाही.

पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी अकरावीचा अर्ज भरला जाणार आहे, त्यांना एवढीच विनंती: ती यादी आधी मुलीला एकटीला भरू द्या, आणि तुमचं म्हणणं त्यानंतर सांगा.